कॉट बेसिसच्या रूमवर शेजारचा आवाज परत परत येतो? आधी त्याची वाट शोधा

पुण्यातल्या सदाशिव पेठ आणि नारायण पेठ मिळून साडेचार वर्षं मी कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत फक्त एका कॉटचं भाडं भरून, काढली. चार रूमा बदलल्या, त्यातल्या दोन निव्वळ आवाजापायी. आता धाकटी बहीण त्याच गल्ल्यांमध्ये राज्यसेवेचा अभ्यास करते आणि दर पंधरा दिवसांनी तिचा तोच फोन येतो: "ताई, शेजारच्या रूमचा आवाज परत सुरू झालाय. मी बोलले, दोन दिवस त्या गप्प बसल्या, पुन्हा तेच." तिला फोनवर तुकड्यातुकड्यांत जे सांगत आले ते एकदा नीट लिहून काढते. वर्णनात्मक पेपर आल्यापासून मुलं तीन-तीन तास उत्तरं लिहायचा सराव करतात. अशा वेळी भिंतीपलीकडच्या बडबडीने लय तुटली की ती परत बसवायला किती वेळ जातो हे ज्याने भोगलंय त्यालाच कळतं.

आपली पहिली चूक इथेच होते. आवाज आला की आपण लगेच कोणाचा ते शोधतो आणि त्या माणसावर चिडतो. पण तोच आवाज तीन वेगळ्या वाटांनी येऊ शकतो आणि प्रत्येक वाटेचा उपाय वेगळा असतो. एका वाटेचा उपाय दुसरीवर लावला की पैसे जातात, आवाज राहतो आणि शेजारणीशी बोलणंही बंद होतं.

दिवा बंद करून बघा

रात्री आपल्या खोलीतला दिवा बंद करा, शेजारच्या खोलीतला चालू असू द्या. पाच मिनिटं अंधारात बसा. दाराखालून, पार्टिशनच्या वरून, स्विचबोर्डच्या भोकातून, वायर गेलेल्या कोपऱ्यातून जिथे जिथे उजेडाची रेघ दिसेल, तिथून आवाजही येतो. तो हवेतून येतो, म्हणून जिथे हवेला वाट, तिथे त्याला वाट.

आमच्या दुसऱ्या रूमवर टू बीएचकेच्या हॉलचे प्लाय टाकून दोन भाग केले होते. अंधार केला तेव्हा दिसलं की पार्टिशन स्लॅबला टेकतच नाही. वर चांगली वीतभर फट होती आणि पलीकडच्या ट्यूबलाइटचा उजेड आमच्या छतावर लांबपर्यंत पसरला होता. चार महिने आम्ही प्लायला दोष देत होतो. खरं तर अर्ध्याहून जास्त बोलणं त्या वरच्या फटीतून येत होतं.

प्लायही निर्दोष नसतं. आवाज अडवतं ते वजन. ४ इंची विटेच्या, दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेल्या भिंतीचं एका चौरस मीटरला २०० किलोच्या वर वजन भरतं. १२ मिलिमीटर प्लायचं जेमतेम ७-८ किलो. पार्टिशनचं वजन दुप्पट केलं तर साधारण ५-६ डेसिबलचा फरक पडतो, आणि १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. म्हणून थर्माकोलचे शीट, अंड्यांचे ट्रे, फोमच्या नक्षीदार लाद्या यांवर पैसे घालू नका. ते हलके असतात. खोलीच्या आतला घुमारा त्यांनी थोडा कमी होतो, पलीकडचा आवाज अडत नाही. माझ्या एका पार्टनरने मेसवाल्या मावशींकडून अंड्यांचे ट्रे आणून अख्खी भिंत मढवली होती. फरक शून्य पडला आणि पावसाळ्यात त्यात झुरळं झाली.

उपयोग होतो तो फटी बुजवण्याचा. वरच्या फटीत आम्ही जुन्या गोधड्यांच्या घट्ट वळकट्या कोंबल्या आणि त्यावर पट्टी ठोकली. दारासाठी बोहरी आळीत किंवा कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात खाली लावायची रबरी पट्टी आणि चौकटीला चिकटवायची फोमची टेप मिळते. दोन्ही मिळून एका रविवारचं काम आहे. एका गोष्टीत मात्र हयगय करू नका. खोलीला खिडकी नसेल तर ती वरची फट हाच तुमच्या हवेचा रस्ता असतो, ती पूर्ण बुजवू नका. आणि बाथरूममध्ये गॅसचा गिझर असेल तर तिथली जाळी, झरोका, दाराची फट काही म्हणजे काही बंद करायचं नाही. गिझरचा गॅस जळताना तयार होणाऱ्या विषारी वायूने बंद बाथरूममध्ये माणसं बेशुद्ध पडतात, जीवही जातो. आवाजापेक्षा जीव मोठा.

दोन्ही खोल्यांच्या मधल्या भिंतीला पुस्तकांनी गच्च भरलेलं कपाट लावलं तर थोडी मदत होते. रिकाम्या रॅकने काही होत नाही.

भिंतीला हात लावून बघा

आवाज चालू असताना तळहात भिंतीवर, मग फरशीवर, मग कॉटच्या लोखंडी पाइपवर ठेवा. हाताला थरथर जाणवली तर तो आवाज हवेतून कमी आणि बांधकामातून जास्त येतोय. वरच्या मजल्यावरची पावलं, ओढलेली खुर्ची, वॉशिंग मशीनचं पिळणं, पाण्याची मोटर, जमिनीवर ठेवलेल्या स्पीकरची धुम्मधुम्म, ही सगळी याच जातीची. तुमच्या बाजूने तुम्ही कितीही फटी बुजवा, याला काडीचा फरक पडत नाही. हा आवाज जिथे जन्मतो तिथेच मारावा लागतो.

नारायण पेठेतल्या रूमवर रोज रात्री अकरा-सव्वाअकराला डोक्यावर घर्रर्र व्हायचं. पाच मिनिटांनी परत एकदा, उलट्या दिशेने. मग शांत. पण झोप लागता लागता ते झालं की मी दोनपर्यंत टक्क जागी. माझी पार्टनर झाडूच्या दांड्याने छत ठोकायची. वरच्यांना ते ऐकूही जात नसावं, किंवा जात असेल तर त्यांना वाटत असेल की खाली काहीतरी दुरुस्ती चाललीय. दोन महिने हे चाललं. वरच्या मुली मुद्दाम करतात याबद्दल आमच्या रूमवर कोणाच्याच मनात शंका नव्हती.

शेवटी एका रविवारी सकाळी मी वर गेले. घरून शेंगदाण्याचे लाडू आले होते, त्यातले चार डब्यात घातले. दार उघडलं ती लॉ कॉलेजची पहिल्या वर्षाची मुलगी, लातूरकडची. मी म्हटलं, "अगं, रात्री अकराला तुमच्याकडे काही सरकवता का? खाली फार आवाज येतो गं." ती गोंधळली. मग तिने मला आत नेलं आणि कॉट दाखवली. खोलीतला एकुलता एक मोकळा प्लग पॉइंट तिच्या कॉटच्या उशाशी, भिंतीला, खाली होता. मोबाइल चार्जिंगला लावायचा तर कॉट पुढे ओढायची, पिन लावायची आणि कॉट परत ढकलायची. कॉटच्या पायांची प्लास्टिकची बुचं कधीच झिजून गेली होती. उघड्या पाइपच्या कडांनी फरशीवर अर्धगोल ओरखडे पडले होते, एकावर एक, पांढरे. तिच्या खोलीत तो दोन सेकंदांचा साधा आवाज होता. आमच्या खोलीत अख्खा स्लॅब वाजत होता, आणि हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याच दिवशी आम्ही दोघी एक एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन आलो. चौकातल्या पंक्चरवाल्या काकांनी सायकलची जुनी ट्यूब फुकट दिली. तिचे बोटभर तुकडे कापून, दुहेरी घडी करून कॉटच्या चारही पायांना सुतळीने बांधले. त्या रात्री अकरा वाजून गेले, साडेअकरा झाले, आणि मी आवाजाची वाट बघत जागीच राहिले. तो आला नाही.

कॉट, खुर्ची, टेबल या तिघांनाही हेच करता येतं. टेनिसचा जुना चेंडू चिरून खुर्चीच्या पायात बसवला तरी चालतो. स्पीकर जमिनीवरून उचलून चार घड्यांच्या सतरंजीवर ठेवायला सांगा आणि कोपऱ्यातून बाहेर काढायला सांगा. कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरचा खर्ज फुगतो. मशीन असेल तर पायांखाली जाड रबर, आणि रात्री पिळणं बंद. तुमच्या बाजूने एकच सोपी गोष्ट करता येते: आपली कॉट भिंतीपासून चार बोटं लांब घ्या आणि उशी दुसऱ्या टोकाला न्या. भिंतीला टेकलेल्या लोखंडी कॉटमधून थरथर थेट डोक्यापर्यंत येते.

तिसरी वाट: सामायिक जागा

पॅसेज, जिना, किचन, गॅलरी. इथला आवाज ना फटीचा ना स्लॅबचा. आपल्याच दारासमोर उभं राहून कुणीतरी बोलत असतं. आमच्या फ्लॅटमध्ये सगळ्यात जास्त भांडणं यावरूनच झाली, आणि त्यामागचं कारण कळायला मला फार वेळ लागला. बहुतेक मुलींच्या घरी शेती. आई-वडील रानातून येणार, धार काढणार, जेवणार, मग साडेनऊ-दहाला निवांत फोन लावणार. खोलीत पार्टनर वाचतेय म्हणून ती मुलगी पॅसेजमध्ये येणार. म्हणजे आपल्या पार्टनरला त्रास नको म्हणूनच ती बाहेर आलेली असते आणि नेमकी आपल्या दाराशी उभी राहते. पलीकडे रेंज नीट नसते, म्हणून आवाज चढतो.

अशा मुलीला "बोलू नकोस" म्हणून काय होणार? आईचा दिवसातला एकच फोन आहे तिचा. तिला जागा दिली पाहिजे. आम्ही घरमालक काकांकडे गच्चीची किल्ली मागितली. ते आधी नाही म्हणाले. मग आम्ही सगळ्यांनी मिळून लिहून दिलं की साडेदहाला कुलूप लावून किल्ली परत खिळ्याला. त्यानंतर पॅसेजमधले फोन जवळजवळ बंद झाले. उन्हाळ्यात तर अर्धा फ्लॅट गच्चीवर असायचा. रील्स आणि सिरियल मात्र इअरफोन लावूनच, यात तडजोड नको.

बोलायचं कसं

आवाज चालू असताना, रागात, रात्री दार वाजवू नका. त्या वेळी समोरची मैत्रिणींसमोर असते, तिला नमतं घेता येत नाही. दुसऱ्या दिवशी, उजेडी, ती एकटी असताना गाठा. फ्लॅटच्या ग्रुपवर तक्रार टाकणं तर सगळ्यात वाईट. नाव न घेता टाकलेला मेसेज जिच्यासाठी असतो तिला बरोबर कळतो आणि बाकीच्या आठ जणींसमोर आपला अपमान झाला असं तिला वाटतं.

"तुम्ही फार आवाज करता" असं म्हणू नका. यावर "नाही, आम्ही नाही करत" एवढंच उत्तर येतं. एकच, मोजता येईल अशी गोष्ट मागा. "रात्री साडेदहानंतर स्पीकर नको, इअरफोन चालेल." "सकाळी सहाच्या आत मिक्सर नको." त्याच वेळी आपल्याकडून तिला काय त्रास होतो तेही विचारा. मी विचारलं तेव्हा कळलं की पहाटे साडेचारला लावलेला माझा अलार्म मी तीनदा स्नूझ करते आणि पार्टिशनपलीकडची मुलगी तिन्ही वेळा उठते. तिला हे सांगायचा संकोच वाटत होता. मी अलार्म व्हायब्रेटवर टाकून उशीखाली ठेवायला लागले.

मग तो परत का सुरू होतो

बहिणीचा खरा प्रश्न हाच. माझा अनुभव असा की शब्द पाळला जात नाही यापेक्षा माणसं बदलतात हे जास्त वेळा खरं असतं. पूर्वपरीक्षा झाली, निकाल लागला, की दोन मुली गावी जातात, दोन नव्या येतात. ठरवलेलं असतं जुन्यांशी. नवीला कुणी सांगतच नाही, आणि आपण "परत सुरू झालं" म्हणून तिच्यावर खवळतो. म्हणून जे ठरलं ते चार ओळींत कागदावर लिहून पॅसेजमध्ये, गिझरच्या सूचनेशेजारी चिकटवा. नवीन मुलगी बॅगा घेऊन आली की पहिल्याच दिवशी चहा पिता पिता सांगा. आमच्याकडे हे काम सगळ्यात जुन्या मुलीचं असायचं. ट्यूबचे तुकडेही वर्षभरात झिजतात, दिवाळीला घरी जायच्या आधी एकदा वाकून बघा.

तोवर तुमच्या कानांसाठी

कानात कापसाचे बोळे घालून विशेष काही होत नाही. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात. पाकिटावर ३०च्या आसपास डेसिबल लिहिलेलं असतं, पण नीट बसवले नाहीत तर त्याच्या निम्मेही मिळत नाहीत, आणि बहुतेक जण ते नीट बसवतच नाहीत. स्वच्छ हातांनी प्लग बोटांत वळून बारीक वातीसारखा करा. दुसरा हात डोक्यावरून आणून कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटला म्हणजे बसला. कान दुखत असेल, वाहत असेल तर मात्र घालू नका, आधी डॉक्टरला दाखवा.

अभ्यासात सगळ्यात जास्त त्रास शब्दांचा होतो. पंख्याची घरघर डोकं सोडून देतं, पण कुणी मराठीत बोलत असेल तर आपल्या नकळत ते समजून घ्यायला धावतं. म्हणून टेबल फॅन चालू ठेवणं किंवा मोबाइलवर पावसाचा एकसारखा आवाज हळू लावणं खरोखर कामाला येतं. शब्द त्यात विरघळतात. महागडे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन पंख्या-मोटरसारख्या एकसुरी खर्जाला चांगले, बोलण्याला तितके नाहीत. घरून पैसे मागून घेण्याआधी हे माहीत असू द्या. आणि उत्तरलेखनाचे तीन तास अभ्यासिकेत काढा, पाठांतर आणि उजळणी रूमवर ठेवा. सगळा अभ्यास रूमवरच व्हावा हा हट्ट मी सोडला तेव्हा माझी अर्धी चिडचिड गेली.

गणपतीचे दहा दिवस आणि त्याआधीचा ढोल-ताशांचा सराव यावर पेठेत उपाय नाही. लक्ष्मी रस्ता, कुमठेकर रस्ता, टिळक रस्ता यांच्या मधे राहून विसर्जनाच्या दिवशी शांतता मागणं व्यर्थ आहे. त्या दिवसांचं वेळापत्रक आधीच वेगळं आखा, जमलं तर गावी जा.

सगळं करूनही थांबत नसेल तर

ध्वनी प्रदूषण नियम २००० सालचे आहेत. त्यात रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रुग्णालय, शिक्षणसंस्था, न्यायालय यांच्या भोवतीच्या १०० मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५०, रात्री ४०. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं. समोरच्या गच्चीवर मध्यरात्री डीजे लावून वाढदिवस चालला असेल तर ११२ ला फोन करा. पत्ता नेमका सांगा: पेठ, इमारत, मजला, जवळची खूण.

पार्टिशनपलीकडच्या गप्पांसाठी मात्र पोलीस हा मार्ग नाही. तिथे घरमालक, हॉस्टेल असेल तर रेक्टर, सोसायटी असेल तर सेक्रेटरी. सात दिवस तारीख, वेळ आणि आवाज कशाचा ते वहीत टिपा, मग लेखी अर्ज द्या. "रोज त्रास होतो" या वाक्यापेक्षा "मंगळवार, रात्री १२:४०, स्पीकर, २५ मिनिटं" ही ओळ जड पडते. मोबाइलवरच्या डेसिबल मापणाऱ्या अॅपवर फार विसंबू नका, आकडा फोनगणिक बदलतो. आधी आणि नंतर यातला फरक बघायला ते पुरे.

आमच्या एका घरमालकाने सात पानं वाचून वही परत दिली आणि "अभ्यास करणाऱ्याला कुठेही अभ्यास होतो" म्हणाले. त्या महिन्यात मी नोटीस देऊन डिपॉझिट मागितलं. परीक्षेला चार महिने होते. वाट बघण्यात ते घालवले नाहीत, हे बरं केलं.

नवी रूम बघायला जाल तेव्हा दुपारी दोनला जाऊ नका. त्या वेळी सगळा फ्लॅट अभ्यासिकेत असतो. रात्री साडेनऊ-दहाला जा. भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करा: पोकळ ढबढब आली तर प्लाय किंवा बोर्ड, कोरडी टक्क आली तर वीट. पार्टिशन स्लॅबला टेकलंय का बघा. पाण्याची मोटर कुठे आहे, पार्किंगचं लोखंडी गेट कोणत्या खिडकीखाली आहे, प्लग पॉइंट कॉटच्या मागे तर नाही ना, तेही बघा. आणि जिची कॉट रिकामी होतेय त्या मुलीला जिन्यात एकटी गाठून विचारा, "का सोडतेयस गं?" घरमालकासमोर विचारलं तर ती खरं सांगणार नाही.